एकेचाळीस क्रमांकाचे कार्ड

दवाखान्यातल्या समुपदेशक दिनानाथने खुर्ची पुढे सरकवली आणि प्रथम बाईला बसावयास सांगितले. हा त्याचा नियमच होता. पुरुष आपोआप बसतात. बाईला सांगावे लागते.

तिने निळे कार्ड मेजावर ठेवले. त्यावर नाव नव्हते, केवळ एकेचाळीस हा आकडा होता. रोह्याच्या गुप्तरोग केंद्रातून धंदा करणाऱ्या स्त्रियांना अशी कार्डे मिळत. ज्या नेहमीच्या माणसाकडून आजार पुन्हा पुन्हा येतो, त्याने ते कार्ड दाखवून औषध घ्यावे, अशी योजना होती.

रोह्याची परिचारिका नमिता आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती, "एकेचाळीसचा माणूस उद्या पेणला तुमच्याकडे येतोय. धाटावला कंपनीत आहे, रोह्यात ओळखीचे भेटतात म्हणून इथे येत नाही. बाईच घेऊन येतेय. सांभाळून घ्या सर, पहिलं कार्ड त्याने फाडून टाकलं होतं."

एकेचाळीस क्रमांकाच्या बाईने दोनदा औषध घेतले होते आणि दोनदा आजार परतला होता. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की या माणसाने औषध घेतले नाही, तर आजार तिच्या गर्भाशयापर्यंत चढेल. म्हणून दिनानाथ आज शब्द मोजून वापरीत होता. माणूस एकदा बुजून गेला, तर पुन्हा यावयाचा नव्हता.

बाईबरोबर आलेला तो माणूस अजून दारातच उभा होता.

"नाव?" दिनानाथने वही उघडली.

बाईने मान खाली घातली. "तुमचं तुम्ही सांगा," ती त्याला म्हणाली.

"काळुराम."

नाव तिच्या तोंडून आले नाही, याचे दिनानाथला कौतुक वाटले. माणसाचे गुपित कसे राखावे, हे या बायकांना शिकवावे लागत नाही. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होते. परंतु या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेकींच्या गळ्यात ते असते, आणि त्यावरून काही ठरवू नये, एवढे तो आठ वर्षांत शिकला होता.

"मला काय झालंय?" काळुराम म्हणाला. "मी ठणठणीत हाय."

"मग गोळी कडू लागायची नाय," बाई म्हणाली.

"आन् शिफ्टला झोप आली म्हंजे?"

"एरवी काय जागे असता तिथं?"

दिनानाथला हसू आले. काळुराम हसला नाही, परंतु दारापासून एक पाऊल आत आला.

"पुष्कळ पुरुषांना काहीच जाणवत नाही," दिनानाथ सावकाश म्हणाला. "आजार अंगात असतो, आणि त्रास दुसऱ्याला होतो. पूर्वी कोणत्या गोळीने अपाय झाला होता का?"

काळुराम आठवू लागला. तेवढ्यात बाईने बटव्यातून गोळ्यांची एक रिकामी पट्टी काढली. "ही. गेल्या साली ह्यांच्या सगळ्या अंगावर गांध्या उठल्या. म्हणून जपून ठेवलीय."

ती पट्टी घेऊन काळुराम शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडे गेला. खोलीत दोघेच उरले. बाईच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"वाल हायत," दिनानाथची नजर पाहून ती म्हणाली. "घरच्या शेतातले."

"आम्हांला काही घेता येत नाही, ताई."

"तुम्हाला नाय ते."

दिनानाथ किंचित ओशाळला. मग त्याच्या मनात पुष्कळ दिवस साचलेले तो बोलून गेला. "ताई, तुमचे आभार मानावयाचे आहेत. या वर्षी जी माणसे औषधाला आली, ती सगळी तुमच्यासारख्या बायकांनीच आणली. स्वतःहून एकही आला नाही. लोक तुम्हांला काय काय बोलतात. पण दुसऱ्याच्या जिवाची एवढी काळजी मी अन्यत्र पाहिली नाही. घरच्या बायकोला तर बिचारीला यातले काही कळतही नाही."

बाईने पिशवीची गाठ घट्ट केली.

"कळत असंल एखादीला," ती म्हणाली.

काळुराम परत आला. औषध निराळे आहे, चालेल, असा डॉक्टरांचा निरोप होता. दिनानाथने करड्या रंगाचे पाकीट फोडले आणि गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. तो त्यांच्याकडे पाहतच राहिला. बाई उठली, माठातले पाणी घेऊन आली आणि पेला पुढे धरून उभी राहिली. पेला हलला नाही.

काळुरामने गोळ्या गिळल्या.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

त्याने निमूटपणे तोंड उघडले, मिटले, आणि मान खाली घालून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

दिनानाथने समाधानाने कार्डावर शिक्का मारला. "झाले, ताई. सात दिवस एकमेकांपासून दूर राहावयाचे. तुमचा डोस तर रोह्याला झालेलाच आहे."

बाई उठली नाही. तिने पदर खांद्यावर नीट ओढला.

"रोह्याला तिचा झाला," ती म्हणाली. "मी ह्यांच्या लग्नाची हाय. माझा नाय झाला."

दिनानाथच्या हातातला शिक्का तसाच राहिला. तिने पिशवी उचलून मेजावर, कार्डाच्या शेजारी ठेवली.

"आन् हे वाल तिला पोचते करा. कार्ड द्यायला आमच्या गावात, गडबला, माझ्या दारात आली होती बिचारी. मी तिला पाणीसुदीक नाय विचारलं."