पेट्रोलचा काटा

"बाबांनी त्यांची जुनी गाडी मला दिली, तेव्हापासून हेच! टाकी अर्धी असली तरी काटा रिकामीच दाखवतो. तीन मेकॅनिक झाले. सगळे म्हणतात, गाडीचं वय झालंय, काटा सुधारायचा नाही," ती वैतागून म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" इलेक्ट्रिशियन हसला आणि त्याने डॅशबोर्ड उघडला.

काट्याच्या वायरीत कुणीतरी मुद्दाम एक रेझिस्टर बसवला होता. त्याला गुंडाळलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कृपया काढू नये. मुलगी पेट्रोल भरायला विसरते. – तिचा बाप.'

खाली तीन मेकॅनिकांच्या सह्या होत्या.

त्याने कानामागचं पेन काढलं, चौथी सही ठोकली आणि डॅशबोर्ड होता तसा बसवला.

"ताई," तो म्हणाला, "अंगण खरंच वाकडं आहे हो."