डावा समास

पट्टीवरचे सुरुवातीचे आकडे झिजून दिसेनासे झाले होते, म्हणून जुळणीबाई उजव्या टोकाकडून मोजत. हस्तलिखिताच्या उजव्या कडेपासून साडेनऊ सेंटीमीटरपर्यंत मजकूर, त्यापुढे डावीकडे कोरा कागद. पुढच्या पानावरही जवळपास तेच माप.

ओळी मध्येच सुरू होत. ‘नंतर दिवा मालवला.’ ‘उशी तशीच होती.’ कशानंतर, कुणाची उशी, काही पत्ता नाही.

बाईंना नवल वाटलं नाही. या लेखकाच्या मागच्या कादंबरीत शब्द जिना उतरावेत तसे पानावरून उतरत होते. त्याच्या आधीच्या कादंबरीत तळटिपांनी वर चढत चढत गोष्टच गिळून टाकली होती. दोन्हींची अक्षरजुळणी बाईंनीच केली होती. “तुम्ही एकट्याच मला सुधारायला जात नाही,” असं लेखक म्हणाले होते. तेव्हापासून प्रकाशनाच्या कचेरीत नियमच झाला: यांच्या पुस्तकाला मुद्रितशोधकाचा हात लागायचा नाही. बाईंनी दिसेल तसं जुळवायचं, पानं थेट लेखकाकडे.

बाकी पुस्तकांचं मुद्रितशोधन अनुस्वारकडे असे. बुटकी, गोल आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसणारी, म्हणून हे नाव. तिची खुर्ची बाईंच्या शेजारीच, डाव्या हाताला. दोघीही एकट्या. उन्हाळ्यात एकदा डबा खाता खाता ती म्हणाली होती, “निवृत्त झाल्यावर दोन घरं, दोन कुलपं कशाला? एकत्र राहू. कधीची विचारतेय. तुझं उत्तर काय?”

“बघू.”

“तुझं ‘बघू’ आणि कोर्टाची तारीख, सारखंच. मी काही आता पुन्हा विचारायची नाही.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत अनुस्वार दिसेनाशी झाली. वरच्या मजल्यावर जागा मागून घेतली असणार, असं बाईंनी धरून चाललं. कधीमधी तिचा खोकला कानावर येई, भिंतीपलीकडून यावा तसा. रुसलेल्या माणसाचा पत्ता तिसऱ्याला विचारणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. उत्तर मात्र आता तयार होतं. घरी भांडी विसळताना त्या ते मोठ्यानं म्हणून बघत. ऐकायला नळ होता.

हळूहळू सगळंच आक्रसत गेलं. चहा देणाऱ्या काकू बाईंच्या टेबलाकडे फिरकेनाशा झाल्या. नेहमीएवढाच डबा भरूनही भूक राहायची. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. वय झालं, दुसरं काय.

एकदा प्रकाशक जुळवलेली पानं बघायला आले आणि बाईंकडे पाहून हसले. “काय हो, एकाच कानात डूल? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! त्या लेखकानं तुम्हालाही बिघडवलं.”

“पडलं असेल दुसरं कुठेतरी,” बाई ओशाळून म्हणाल्या.

प्रकाशकांनी पानं चाळली. “बायको गेल्यानंतरची ही त्यांची पहिली कादंबरी. पलंगाची एक बाजू रिकामी, तसं प्रत्येक पान. काय सुचतं हो या माणसाला!”

ते गेल्यावर बाई पडद्यावरच्या पानाकडे बघत राहिल्या. इतक्या पुस्तकांची जुळणी केली, पण एखादं पान इतकं आपलं कधी वाटलं नव्हतं. शेजारी कुणी नसलं की वाक्यंही अशीच मध्येच सुरू होतात.

पानं न्यायला लेखक स्वतः आले. काठी टेबलाला टेकवून समोर बसले. एक पान पाहिलं, मग दुसरं, मग शेवटचं.

“हे काय आहे?”

“तुमच्या हस्तलिखितात आहे तसंच. मिलिमीटरचा फरक नाही.”

“थट्टा करताय बाई?”

“मी कधी केलीय?”

ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग उजव्या कानातल्या त्या एकुलत्या एका डुलाकडे. आवाज खाली आणून म्हणाले, “या वेळी मी काही खेळ केलेला नाही हो. बायकोला माझे खेळ आवडत नसत. म्हणायची, एकदा तरी मला वाचता येईल असं लिहा. म्हणून साधं लिहिलंय. या कडेपासून त्या कडेपर्यंत.”

“पण डावी बाजू कोरी आहे.”

लेखकांनी हस्तलिखिताचं एक पान बाईंच्या समोर ठेवलं आणि तिथल्या तिथे फिरवलं. खालची कड वर गेली, डावी बाजू उजवीकडे आली.

ती अक्षरांनी गच्च भरलेली होती. उलटी अक्षरं, पण ओळीमागून ओळ, एकही फट नाही.

बाईंनी पट्टी घेतली. तीही फिरवली. एक, दोन, तीन. आकडे लख्ख होते.

मग त्यांनी मान डावीकडे वळवली. मान जाईना. हनुवटीला हात लावून त्यांनी ती ढकलली, थोडी, आणखी थोडी. आधी टेबलाची दुसरी कड आली. मग साय धरलेला चहाचा कप. मग लाल पेन धरलेला एक गुबगुबीत, ओळखीचा हात.

“दिसले का एकदाची?” अनुस्वार म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “हाका मारून घसा बसला माझा. नको असेल तर नाही म्हणायचंस ना, तोंड कशाला फिरवायचं?”

“राहू या एकत्र,” जुळणीबाई म्हणाल्या. “फक्त माझ्या उजव्या हाताला बसत जा.”