निळं झाकण

हसीबच्या चाळिसाव्याला सोनगीरच्या कब्रस्तानात जायचं म्हणून मुख्तारभाईंनी मेलेल्या पोराची डिझेल गाडी पहिल्यांदाच सुरू केली. डिझेलचा धूर साफ करणारा युरिया संपल्याचा दिवा लागला.

त्यांनी पंपावरून युरियाचा कॅन आणला, टाकीचं निळं झाकण फिरवलं. टाकी काठोकाठ भरलेली! तोंडाशी थोडा सांडलाही होता. वाळला की युरिया पांढरा पडतो. हा अजून ओला होता.

हसीब दर वेळी असाच सांडायचा.

"हुस्नबानो, गाडीला कोणी हात लावला का गं?"

"कोण लावणार? किल्ली तर सकाळपर्यंत माझ्या उशाखाली होती," घरातून बायकोचा रडवेला आवाज आला.

मुख्तारभाईंनी फडक्यानं ओल पुसली आणि सवयीनं बोलून गेले, "हसीब, आधी हात धू, बेटा."

पाठीमागे अंगणातला नळ सुरू झाला.