लाजेचा खांब

कॅनडातल्या हायडा आदिवासींच्या एका किनारी गावाचा मुखिया क्लॅरेन्स. त्यानं देवदाराचं जुनं रान परस्पर विकून टाकलं. कोरीवकाम करणारी वेर्नाआत्या संतापली, पण भांडायला गेली नाही. उरलेल्या एकाच ओंडक्यात तिनं भलामोठा ऑक्टोपस कोरला. त्याच्या प्रत्येक हातात एकेक देवदार आणि चेहरा हुबेहूब क्लॅरेन्सचा! असा खांब दारासमोर उभा केला की माणूस लाजेनं सुधारतो, ही वाडवडिलांची रीत.

खांब उभा राहिला, तसं अख्खं गाव गोळा झालं.

"आता बघा, कसं तोंड लपवतो ते!" आत्या म्हणाली.

क्लॅरेन्स बाहेर आला. खांबाभोवती त्यानं एक फेरी मारली. डोळे पाणावले त्याचे.



"आत्या, अगदी मलाच उतरवलंस गं! पण हात आठच का केलेस?"