बाभळीची फळी

दुपारी सव्वाचारला पंकजाच्या होडीची नवी फळी खाचेत अडकली. अर्धी वर, अर्धी खाली. शर्यत पाचला होती.

शिडाच्या होडीला पोटात उभी खाच असते. तिच्यातून फळी पाण्यात सोडली की होडी वाऱ्याच्या उलट चढते. फळी नसली तर ती पाचोळ्यासारखी आडवी वाहत जाते. पंकजाची जुनी फळी काल मुळा धरणात बुडालेल्या एका विहिरीच्या काठावर आपटून मोडली. नवी अजिनाथ सुताराने सकाळी बाभळीची करून दिली, खाचेत घट्ट ठोकली आणि होडी दुपारभर पाण्यात उभी केली. कुऱ्हाडीत नवा दांडा बसवल्यावर तो पाण्यात ठेवतात, फुगून पक्का बसतो. त्याने तेच केले होते.

"आता बैलानं वढली तरी हलायची न्हाई," अजिनाथ म्हणाला.

"मामा, ती हलायलाच पायजे. खाली-वर करावी लागती."

"मग आधी सांगायचं ना."

धरणावरच्या शीडहोडी शिबिराचे प्रशिक्षक हर्षल सर येऊन बघून गेले. राज्याच्या संघात एकच जागा होती, ती आजची शर्यत जिंकणाऱ्याला मिळणार होती, आणि पंकजाचे वयात बसण्याचे हे शेवटचे वर्ष. "दुसरी होडी नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "पाचला शिट्टी होणार."

पंकजा आणि तिची आई झुंबरबाई यांनी होडी काठावर ओढून कलंडवली. खालून हातोडा मारमारून फळी बाहेर काढली.

"रंधा मारा, मामा."

अजिनाथ जागचा हलला नाही. "ढिली केली तर खडखड वाजंल. उद्या गाव म्हनंल, अजिनाथनं केली."

"मग मी मारते."

त्याने रंधा तिच्या हातात दिला आणि पाठ करून बसला. फळीच्या दोन्ही अंगांनी ढलप्या पडत राहिल्या. झुंबरबाईने धुण्याचा साबण आणून फळीला चोळला.

"तुला हळद लावायच्या दिवसांत फळीला साबण लावतीय मी," ती म्हणाली.

"नीट लाव, कडंला राहिलाय."

शिट्टी झाली तेव्हा पंकजा कमरेएवढ्या पाण्यात होडी ढकलत होती. बाकीच्या दोन होड्या पुढे गेल्या होत्या. तिने वर चढून फळी सोडली. फळी न अडकता पूर्ण खाली गेली.

वारा समोरून होता. बोया, म्हणजे वळसा घालायचे तरंगते पिंप, वाऱ्याच्या बाजूला होता. पुढचे दोघे परगावचे. बुडालेल्या विहिरी आल्या तसे ते बिचकले आणि लांबून फिरून निघाले. पंकजा काठाकाठाने विहिरींवरूनच निघाली. विहीर आली तेव्हा तिने एका हाताने फळी वर उपसली. होडी लगेच आडवी सरकू लागली.

"गेली," काठावर कुणीतरी म्हणाले.

विहीर मागे पडली. पंकजाने हात सोडला. फळी खाली गेली, होडी जागच्या जागी सावरली आणि तिरकी वाऱ्यावर चढू लागली. लाटेसरशी फळी खाचेत आपटत होती. काठावर ऐकू येत होते.

"वाजती हो," झुंबरबाई म्हणाली.

अजिनाथ चपलांसकट पाण्यात उतरला होता. "वाजू द्या," तो म्हणाला. "फळी माझी हाय."

बोयाला सगळ्यांत आधी वळसा पंकजाने घातला. परतीला वारा पाठीशी आला तसे तिने फळी पूर्ण वर ओढली आणि होडी सुटली. परतीचे अर्धे अंतर उरले असताना वारा पडू लागला. मागचे एक शीड जवळ येत होते. पंकजा अजून एक होडीभर पुढे होती.