कॅमेरा कुणाच्या उंचीवर

“हा शॉट खोटा आहे,” वर्गातल्या सर्वांत वयस्कर विद्यार्थिनी, मोठ्या बाई, म्हणाल्या आणि पहिल्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

वर्गात चुळबूळ झाली. छायाचित्रण-समीक्षेच्या वर्गाचा तो अखेरचा तास होता. सरांनी स्वतःचाच, अद्याप संकलनात असलेला चित्रपट दाखवला होता आणि वर छातीठोक आव्हानही दिले होते. यातला एक जरी शॉट कुणी खोटा ठरवला, तर ते तो कापून टाकणार होते. पुढच्या आठवड्यात चित्रपट टीव्हीवर जायचा होता. हा शॉट काही झाले तरी लोकांपुढे जाऊ द्यायचा नाही, असा बाईंनी मनाशी निश्चय केला होता.

पडद्यावर चित्र थांबले होते. नवरा सोडून गेलेली आई स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून रडते आहे. कॅमेरा छताजवळून खाली रोखलेला. खिडकीच्या गजांच्या सावल्या तिच्या चेहऱ्यावर. दारात सात वर्षांचा मुलगा. पुढच्या प्रसंगात ती झुरून मरते.

“इथे वयाला मान नाही, बाई,” सर कोरडेपणाने म्हणाले. “आवडलं नाही, हे कारण चालणार नाही. पुरावा द्या.”

वर्षभर बाईंच्या प्रत्येक निबंधावर त्यांनी हाच शेरा मारला होता. बाईंनी तो निमूटपणे गिळला होता. आज गिळणार नव्हत्या.

“पुरावाच देते. गोष्ट कोण सांगतंय?”

“तो मुलगा. मोठा झाल्यावर.”

“म्हणजे आठवण त्याची. मग त्याला आई वरून कशी दिसली? पोरगं काय पंख्याला लोंबकळत होतं?”

हशा पिकला. सर हसले नाहीत.

“नियतीपुढे ती किती लहान आहे, ते दाखवायचंय.”

“नियतीवर ढकलू नका. कॅमेरा तुम्ही टांगलात.”

शेजारी बसणारी, नोकरी सांभाळून शिकणारी परिचारिका बाईंची बाही ओढू लागली. “बसा हो बाई! सरांच्या स्वतःच्या आईची गोष्ट आहे ती. गेलेल्या माणसाची तरी अब्रू राखा.”

“त्याचसाठी उभी आहे,” बाई म्हणाल्या. आवाज ठाम होता. “खिडकी तिच्या पाठीशी आहे ना? मग गजांची सावली तोंडावर कुठून आली? तिला कैदी करायला समोरून वेगळा दिवा लावलात. वरून चिरडायचं, समोरून कोंडायचं आणि वर म्हणायचं, बघा बिचारी!”

सर पडद्याकडे वळले. त्यांनी खिडकीपासून आईच्या चेहऱ्यापर्यंत बोटाने उजेडाची दिशा ताडून पाहिली.

“कॅमेरा दारात, मुलाच्या डोळ्यांपाशी ठेवा,” बाई म्हणाल्या. “तिथून ती समोरासमोर येईल. मग दिसेल, की ती रडत नाहीये. उद्यापासून घर कसं चालवायचं, ते ठरवतेय.”

“तुम्हाला काय माहीत?” मागून कुणीतरी टोमणा मारला.

सरांनी हात वर करून त्याला गप्प केले.

“सिद्ध झालं. शॉट कापतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी तो शांतपणे ओसरू दिला.

“आणि शेवटही बदल, बाळ,” त्या साऱ्या वर्गादेखत म्हणाल्या. “मी झुरून मेले नाही.”