बरोबरची खूण

मनोऱ्यावर फुली होती. लाल, ओली, चांगली हातभर लांब.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फुली ती फुलीच. रंगाचा एक ओघळ पायाच्या दगडांवरून उतरून तिथे कोरलेल्या कुणाच्या तरी नावात शिरला होता.

गावातून मोठा रस्ता जाणार होता. चौकाभोवतालचं काही जाणार, काही राहणार. ज्यांचं जाईल त्यांच्यासाठी टेकडीपलीकडे नवी घरं बांधून तयार होती. कुणाचं काय ते खुणांवरून कळेल, एवढं सांगून कचेरीची माणसं जीपमध्ये बसून गेली. खुणा वाचायला गावात कुणालाही अडचण आली नाही. बरोबरची खूण म्हणजे पास, फुली म्हणजे चूक. अख्ख्या गावाच्या वह्या मास्तरांनीच तर तपासल्या होत्या.

सलूनवाल्याने बांधलेला आरसा सोडून परत भिंतीला टांगला होता. त्याच्या दुकानावर बरोबरची खूण होती.

"मास्तर, जन्मात पहिल्यांदा पास झालो बघा! या, दाढी करून देतो."

मास्तर तसेच चौकाच्या टोकाला असलेल्या आपल्या घराकडे वळले.

मागे कधीतरी पुराने गाव धुऊन नेलं. पुन्हा उभं राहिलं तेव्हा प्रत्येक घराने एकेक दगड आणून दिला आणि त्यावर आपलं नाव कोरलं. त्या दगडांचा हा मनोरा. पुढे कुणी गाव सोडलं, कुणाचा वंश बुडाला, चावडीतली कागदपत्रं वाळवीने खाल्ली. नावं उरली ती एवढीच. मास्तर आठवड्यातून एकदा ब्रश घेऊन त्यांच्यावरचं शेवाळ काढत. मास्तर मनोऱ्याचे दात घासतात, असं लोक म्हणत.

रस्त्याचा साहेब आला तेव्हा मास्तरांनी त्याला हाताला धरून मनोऱ्यावर नेलं होतं. एकेक नाव वाचून दाखवलं, हे कोण, ते कुठे गेले, सगळं सांगितलं. साहेब पोरगेलासा होता. खाली उतरल्यावर त्याने मान वर करून मनोरा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाला, "बघतो."

सरकारी 'बघतो'चा अर्थ मास्तरांना ठाऊक होता. तरी वेडी आशा होती. आज तीही संपली.

घराच्या दाराशी बायको उभी होती. दाराशेजारी भिंतीवर ठसठशीत बरोबरची खूण.

"अहो, आपलं घर राहिलं," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून आवाज उतरला. "आणि तुमचा मनोरा?"

"फुली."

"म्हणजे माझी सवत चालली म्हणायची." रोजची थट्टा होती, पण आज दोघांनाही हसू आलं नाही.

मास्तर जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता रडले. आपण गेल्यावर या गावात कोण कोण होतं हे सांगणारं काहीच राहणार नाही, हा विचार त्यांना सहन होईना.

दुपारी उठून त्यांनी फळीवरून रंगाचा डबा काढला. खिडकीच्या गजांना लावून उरलेला लाल रंग होता.

"काय करताय?"

"त्यांच्या हिशेबाने एक पडायला हवं, एक राहायला हवं. मग कुठलं पडावं, ते मी ठरवतो."

बायको चुलीजवळच्या ओट्यावर बसली. हा ओटा तिने स्वतः लिंपून घेतला होता. त्यावरून ती हात फिरवत राहिली. त्यांना वाटलं, ही नाही म्हणणार. म्हणाली तर बरंच होईल, असंही क्षणभर वाटलं.

"लेकीकडे जाऊन राहू थोडे दिवस," ती उठत म्हणाली. "आणि नुसत्या पाण्याने तो रंग निघायचा नाही. रॉकेल घ्या."

सगळं गाव नवी घरं बघायला टेकडीपलीकडे गेलं होतं. चौकात चिटपाखरू नव्हतं. तिने चिंधीने मनोऱ्यावरची फुली घासून काढली. मास्तरांनी त्या जागी ब्रश टेकवला.

"नीट काढा. वर्गात काढायचात तशी, लांब शेपटीची."

त्यांनी तशीच काढली. मग घराशी येऊन भिंत पुसली आणि स्वतःच्या घरावर स्वतःच्या हाताने फुली मारली.

सकाळी दोघं अंगणात ट्रंकेवर बसली होती. भांडी गोणपाटात बांधलेली, देव पिशवीत. खालच्या आळीतून बुलडोझरची घरघर येत होती, मधूनच काहीतरी कोसळत होतं. मास्तर मान वळवून तिकडे बघत नव्हते. त्यांची नजर मनोऱ्यावर होती. उन्हात नावं स्वच्छ दिसत होती.

"बघ, तुझी सवत राहिली," ते म्हणाले.

बायकोने त्यांचा हात हातात घेतला. कितीतरी वर्षांनी, तोही भर चौकात.

बुलडोझर चौकात आला. पुढे चालणारा मुकादम त्यांच्या घरासमोर थांबला, भिंतीकडे बघून त्याने ड्रायव्हरला हाताने पुढे व्हायची खूण केली.

"आजोबा, सामान कशाला बाहेर काढलंत?" तो म्हणाला. "फुली आहे की घरावर. फुली मारलेल्याला हात लावायचा नाही, साहेबांनी बजावलंय."

मग तो मनोऱ्याकडे वळला आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "हं, हे बरोबर केलंय. पाड!"